भीमताल कुणाचा

माझी आई सदुसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी, विळीवर भेंड्या चिरताना म्हणाली, "मला एकदा उगाच कुठेतरी जायचंय."

मी शाळेतले पेपर तपासत बसले होते. दादरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते आणि एप्रिलअखेर माझ्या आयुष्यात लाल पेनाशिवाय काही नसतं. मी मान वर न करताच विचारलं, "उगाच म्हणजे?"

"म्हणजे कुणाचं लग्न नाही, कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन नाही, कार्यक्रम नाही. डबा नाही. नुसतं जायचं, बसायचं आणि परत यायचं."

आता पेन खाली ठेवावंच लागलं. आईने आयुष्यात प्रवास कमी केलाय असं नाही. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं, दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, मे महिन्यात रत्नागिरीकडच्या गावी सलग चार हळदी. डिसेंबरात चैत्यभूमी तर आमच्या भोईवाड्यापासून चालत जाण्याइतकी, त्यामुळे तेव्हा आई कुठे जात नाही, उलट गावाकडची पंचवीस माणसं आमच्या दोन खोल्यांत येतात. पण या सगळ्या प्रवासांत तिच्या हातात कायम एक पिशवी. पिशवीत चाळीस चपात्या, जवळ्याची चटणी, कुणाच्या तरी मधुमेहाच्या गोळ्या आणि कुणाच्या तरी पोराचे बदलायचे कपडे. डोंगर, नदी, घाट, तिने काय बघितलं असेल ते चपात्या वाटता वाटता.

हे उगाचचं खूळ मोबाइलवरून आलं होतं. तिने मला तो व्हिडिओ दाखवला. नैनीतालचं तळं, चारी बाजूंनी डोंगर, मध्ये एक नाव आणि नावेत एक बाई. तीस सेकंदांत ती बाई काहीच करत नाही. आईने तो व्हिडिओ कितीदा बघितला होता कोण जाणे. "बघ ना," ती म्हणाली, "कुणी तिला हाकसुद्धा मारत नाही."

मला एकदम वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते. रात्रीपर्यंत मी नैनीतालच्या आसपासच्या सगळ्या तळ्यांची यादी केली. आता प्रश्न होता पप्पांचा.

पप्पा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. मुंबईत पाणी आपोआप येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, रस्त्यात जमिनीखाली व्हॉल्व्ह असतात आणि ते ठरल्या वेळी एक माणूस कमरेएवढ्या लोखंडी चावीने फिरवतो. चौतीस वर्षं परळ, भोईवाडा, लालबागच्या गल्ल्यांत तो माणूस म्हणजे माझे वडील. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे, हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा नीट पाठ. त्यामुळे तलाव हा त्यांच्यासाठी गंभीर विषय. इतरांचे वडील सकाळी पेपरात क्रिकेट बघतात, आमचे पप्पा तलावांची पातळी मोठ्याने वाचतात आणि मे महिन्यात तर घरात सुतक असल्यासारखं वाचतात.

मी म्हटलं, "पप्पा, सुट्टीत तलाव बघायला जाऊ या. उत्तरेत."

"मे महिन्यात तलाव?" ते म्हणाले. "मे महिन्यात तलावाकडे बघवत नाही. आणि कशासाठी?"

हा 'कशासाठी' म्हणजे पप्पांचा मुख्य व्हॉल्व्ह. तो बंद केला की पुढे थेंब जात नाही. आईचं 'उगाच' तिथेच अडलं.

चाळीत कुठलीही गोष्ट अडली की ती गॅलरीत येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा मजला आईच्या सुट्टीवर बोलत होता. एकाने माथेरान सुचवलं, एकीने सांगितलं की थंड हवाच पाहिजे तर करी रोडच्या पलीकडच्या मॉलमध्ये जा, सकाळी अकराला गेलं तर रात्री नऊपर्यंत कुणी उठवत नाही. दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण मावशी आईची तीस वर्षांची मैत्रीण. तिने पाटी उतरवली आणि निकालच दिला. "तल्याचा मासा मातकट लागतो गो. बोटीन बसाचा हाय तं आमचे होरीन बस, फुकट. जरा वास येल." आई हसली, पण घरात आल्यावर तिने तो व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाकला. ते मी बघितलं आणि ठरवलं की पप्पांना आणखी एकदा विचारायचं.

रविवारी सकाळी पप्पा पेपरामागे होते. मी यादी हातात घेऊन वर्गात हजेरी घेतात तशी वाचायला लागले. "नैनीताल, दोन रात्री. सातताल. नौकुचियाताल. भीमताल."

पेपर खाली आला.

"काय म्हणालीस?"

"नौकुचियाताल."

"त्याच्यानंतर."

"भीमताल."

पप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिकडेपण?"

आमच्या घरात भीम एकच. आमच्याकडे फोन उचलला की 'जय भीम' आणि ठेवताना 'जय भीम'. पांडव आमच्या दोन खोल्यांत भाड्यानेसुद्धा राहिलेले नाहीत. त्यामुळे हिमालयात एका तळ्याला भीमाचं नाव दिलंय म्हटल्यावर पप्पांच्या मनात दुसरा कुठला भीम येणं शक्यच नव्हतं. त्यांना वाटलं, महाडच्या तळ्याची गोष्ट तिकडे डोंगरापर्यंत पोचली आणि तिथल्या लोकांनी आपल्या तळ्याला नाव दिलं. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या सत्कारातही बघितला नव्हता.

मी बावीस वर्षं मास्तरकी करते. 'पाणी'तला णी कुणी ऱ्हस्व काढला तरी माझा हात शिवशिवतो. चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर आईकडे गेली. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. नुसती बघत होती.

"हो," मी म्हटलं, "तिकडेपण."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण मी सातवीला शिकवते. आमच्या घरात दोघेही नाहीत, तरी म्हण पुरेपूर लागू पडली. दोन दिवसांत पप्पांनी सगळ्या चाळीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी बुद्धविहाराच्या कमिटीत विषय निघाला. चौथ्या दिवशी आमच्या सहलीचं शिष्टमंडळ झालं. पप्पांनी विहाराच्या लेटरहेडवर पत्र तयार करून घेतलं, 'मा. अध्यक्ष, भीमताल' यांच्या नावे. पन्नास मेणबत्त्या आल्या. निळा झेंडा आला. पप्पांनी दोन पानी भाषण लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. मी एक काना दुरुस्त केला आणि स्वतःची लाज वाटून पेन बंद केलं.

कमिटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी मला जिन्यात भेटले. "मॅडम, तो भीम आपला नाही ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच. पण मी बोलणार नाही. आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढतं ते तुमच्या वडिलांमुळे." एवढं बोलून ते वर गेले.

आईची अवस्था सगळ्यात वाईट. पप्पांनी फर्मान काढलं की तिकडच्या मंडळींसाठी काहीतरी गोड न्यायला हवं. आईने रव्याचे साठ लाडू वळले. आमच्यात कार्यक्रमाला पांढरं नेसतात, म्हणून कपाटातून पांढरी साडी निघाली, इस्त्री झाली आणि बॅगेत सगळ्यात वर बसली. शिवाय प्रवासाच्या चपात्या. निघायच्या आदल्या दिवशी ती मोरीत भांडी घासताना मला म्हणाली, "झाला बघ कार्यक्रम." ओरडली असती तर बरं झालं असतं. खोटं मी तिच्यासाठी बोलले होते आणि तिला हवं होतं नेमकं तेच त्या खोट्याने खाऊन टाकलं होतं. आता सगळं एका नावेवर आलं होतं. निदान अर्धा तास तरी तिला तळ्याच्या मध्यावर नुसतं बसता यावं, एवढंच मी मनात धरून निघाले.

काठगोदामला रेल्वेतून उतरून आम्ही तिघांनी टॅक्सी केली. घाट सुरू झाला तशी पप्पांना गाडी लागली. तोंडासमोर पिशवी धरून त्यांनी सगळा हिमालय मागे टाकला. पण नैनीतालचं तळं दिसल्याबरोबर ते ताठ झाले. खाली उतरून काठाशी गेले आणि पायऱ्यांवरची ओलीची जुनी रेघ बघून म्हणाले, "पातळी खाली आहे. मी म्हटलं नव्हतं?" मग ते वाकले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं.

आमच्या घरात तळं म्हटलं की आधी ओंजळ. पप्पा लहानपणापासून महाडला हेच करत आले, मीही केलं. ज्या पाण्याला आपल्या माणसांना हात लावू देत नव्हते, ते पाणी ओंजळीत घ्यायचं. पण नैनीतालच्या नाववाल्याला हे कसं कळावं? तो घाईघाईने म्हणाला, "बाबूजी, ये पानी पीने का नहीं है."

"मालूम है," पप्पा म्हणाले. "पीने का नहीं है. लेने का है."

नाववाला मान डोलावून म्हणाला, बोट घ्या मग, अर्धा तास. आईने एक पाऊल पुढे टाकलंही. पण पप्पांनी हात आडवा केला. "आधी भीमताल. पहिला मान तिकडचा. मग बाकी सगळं." आणि ते हॉटेलकडे चालायला लागले. आईही मागोमाग निघाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पप्पा 'चला' म्हणाले की आई निघते, हा आमच्या घरचा शिरस्ता. सिनेमाच्या मध्यंतरात पाइप फुटल्याचा निरोप आला म्हणून ती उठली आहे, भाचीच्या लग्नात अर्ध्या पंगतीतून उठली आहे. दोन दिवस ती हॉटेलच्या गच्चीत उभी राहून खालच्या नावा बघत राहिली. टॅक्सी आधीच ठरवलेली, त्यामुळे भीमताल शेवटच्या दिवशीच होतं. तिथून त्याच संध्याकाळी खाली उतरून गाडी पकडायची होती. म्हणजे भीमतालला नाव मिळाली तर मिळाली, नाहीतर आई तशीच परत.

त्या सकाळी आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरने आरशातून तीनदा बघितलं आणि शेवटी विचारलं, "किसी की बरसी है क्या?"

"स्वागत है," पप्पा म्हणाले. ड्रायव्हरने आरसा दुसरीकडे वळवला.

भीमतालचं तळं मोठं आणि शांत आहे. एका टोकाला दगडी धरण, मध्ये छोटं बेट, काठावर चहाच्या टपऱ्या. पप्पांनी उतरल्या उतरल्या शर्ट नीट खोचला, बगलेत झेंडा, हातात पत्र, आणि पहिल्याच टपरीवाल्याला विचारलं, "यहाँ का अध्यक्ष कौन है?"

"काहे के अध्यक्ष?"

"भीमताल का. भीम का नाम किसने दिया?"

"अरे, वो तो बहुत पुराना है जी," टपरीवाला चहा गाळत म्हणाला. "भीम को प्यास लगी, उन्होंने गदा मारी ज़मीन पर, पानी निकल आया. वो सामने मंदिर है."

"गदा?" पप्पा म्हणाले. "कौनसा भीम?"

टपरीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "कौनसा मतलब? भीम तो एक ही है."

पप्पा माझ्याकडे वळले. "एकच आहे म्हणतो," ते म्हणाले. मला वाटलं ते हसतील, पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. पप्पा, माझी चूक झाली."

"चूक तुझ्या वर्गातली पोरं करतात," ते म्हणाले. "हे खोटं आहे."

ते खरं होतं. मग त्यांनी आईकडे बघितलं. "आणि तुला?"

"मला लग्नाआधीपासून माहीत आहे," आई म्हणाली. "शाळेत धडा होता."

पप्पांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि झेंडा गुंडाळून काखेत घट्ट धरला. साठ लाडू, पन्नास मेणबत्त्या, दोन पानी भाषण, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात ते वळण नाही. ते टॅक्सीच्या दिशेने वळले आणि म्हणाले, "चला."

मी निघाले. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की मागे तिसरी पावलं वाजत नाहीत.

आई जागची हलली नव्हती. तिने लाडवांची पिशवी टपरीच्या बाकावर ठेवली. खांद्यावरची दुसरी पिशवीही ठेवली. टपरीवाल्याला म्हणाली, "भैया, ये सब खाओ." आणि निऱ्या उचलून ती सरळ धक्क्याकडे गेली, नाववाल्याचा हात धरून नावेत उतरली आणि बसली. पप्पा रस्त्यावरून म्हणाले, "अगं, चला म्हटलं ना." तोवर नाव सुटली होती.

पप्पा धक्क्यावर आले. दुसरी वल्ह्याची नाव नव्हती. होत्या त्या पायाने मारायच्या, हंसाच्या आकाराच्या पॅडल बोटी, लांब मान, रंगवलेले डोळे आणि एकीची चोच तुटलेली. पप्पांनी तुटक्या चोचीचा हंस निवडला, कारण तो सगळ्यात पुढे होता. "बस," त्यांनी मला सांगितलं.

एकाहत्तर वर्षांचा चावीवाला आणि बेचाळीस वर्षांची शिक्षिका, दोघंही पांढऱ्या कपड्यांत, हंसात बसून पाय मारत निघाले. मध्ये एक लोखंडी दांडा होता, तो फिरवला की हंस वळतो. पप्पांनी तो ताब्यात घेतला. "उजवीकडे दीड फेरा," ते म्हणाले आणि हंस डावीकडे गेला. "उलटा बसवलाय," ते म्हणाले. "कुणी बसवला हा?" काठावरच्या एका कुटुंबाने आमचे फोटो काढायला सुरुवात केली.

तरी आम्ही जवळ जात होतो. आईची नाव बेटाच्या अलीकडे संथ चालली होती. पप्पांनी हाक मारली, "अगं, थांब." पाण्यावर आवाज फार लांब जातो. तिने वळून बघितलं. बघितलं हे नक्की, कारण मग ती नाववाल्याकडे वाकली आणि तिचा आवाज आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. "भैया, जरा जल्दी चलाव."

नाववाल्याने वल्ही जोरात मारली.

"पळतेय," पप्पा म्हणाले. त्यांना विश्वासच बसत नव्हता. "ही पळतेय."

"मारा पाय," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. आम्ही जीव खाऊन पाय मारले. पप्पांच्या कपाळावर घाम आला, हंसाची मान कुरकुरायला लागली, आणि आमच्यातलं अंतर पावलापावलाने वाढत गेलं. आई परत वळली नाही. पाठ सरळ, पांढरा पदर वाऱ्यावर, हात दोन्ही बाजूंना फळीवर टेकलेले. ती एकटीच बेटाकडे चालली होती.

"थांब," पप्पा म्हणाले. "पाय थांबव."

"दम लागला?"

"नाही." त्यांनी दांडा सोडला. हंस आपला आपण हळूहळू गोल फिरायला लागला, आणि पप्पा मान वळवून वळवून तिच्याकडे बघत राहिले. "रस्त्याने कायम मी पुढे आणि ती मागे," ते म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं. तिला अशी पाठमोरी मी आज पहिल्यांदा बघतोय."

आईची नाव बेटाला वळसा घालत होती आणि तिला अजून पलीकडची बाजू बघायची असावी, कारण तिने हाताने नाववाल्याला पुढे दाखवलं.

काठावरून शिट्टी वाजली. धक्क्यावरचा माणूस हातातलं घड्याळ दाखवत आम्हाला परत बोलावत होता, अर्धा तास संपला होता. पप्पा हंसात जमेल तेवढे उभे राहिले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडून म्हणाले, "और आधा घंटा. हमारा नहीं, उसका."